पडद्यातला निळा आधी का थकतो?

चार वर्षं वापरलेला जुना फोन मी अजून जपून ठेवलाय, तो एकाच कारणासाठी. त्याच्या पडद्यावर सपाट राखाडी चित्र लावलं की खालच्या भागात एक फिकट पिवळसर चौकोन दिसतो. तो कीबोर्डचा. चार वर्षं रोज त्याच जागी पांढरा कीबोर्ड उघडत गेला आणि तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त राबले. नीट निरखलं तर वरच्या कोपऱ्यात घड्याळाच्या आकड्यांची जागाही ओळखू येते.

याला बर्न-इन म्हणतात. नावावरून वाटतं की चित्र जळून पडद्यावर उमटलंय. खरं तर उमटलेलं काहीच नसतं, उलट त्या जागेतून काहीतरी कमी झालेलं असतं. पिवळसरपणा हीच त्याची खूण. पांढऱ्या उजेडातून निळा वजा केला की पिवळा उरतो. म्हणजे तिथले लाल आणि हिरवे ठिपके बऱ्यापैकी शाबूत आहेत, निळे मात्र थकलेत.

अशा फोनच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून पाहा. थेंब भिंगासारखं काम करतो आणि त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसू लागतात. बऱ्याच फोनमध्ये निळा ठिपका सगळ्यांत मोठा असतो, आणि तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. आकार मोठा असला की तेवढाच उजेड देताना प्रत्येक कणावर कमी ताण येतो आणि तो हळू झिजतो. म्हणजे निळा लवकर थकणार हे पडदा बनवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक असतं आणि त्याची तजवीज आकारातच केलेली असते.

प्रकाश देणाऱ्या फिल्मबद्दल बोलताना दोन प्रश्न नेहमी वेगळे मांडले जातात. एक, दिलेल्या विजेतून उजेड किती निघतो. दुसरा, ती फिल्म किती काळ टिकते. पहिल्याला कार्यक्षमता म्हणतात, दुसऱ्याला स्थैर्य. या विषयात जितकं खोल जावं तितकं मला वाटत गेलंय की मुळात प्रश्न एकच आहे: फिल्ममध्ये शिरलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडली नाही, तर ती आत राहून काय करते?

आधी फिल्म म्हणजे काय ते पाहू. फोन आणि टीव्हीतल्या ओलेड पडद्यात प्रकाश देणारा भाग म्हणजे कार्बनी रेणूंचे एकावर एक चढवलेले पातळ थर. सगळे मिळून जाडी साधारण शे-दोनशे नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा काहीशेवा भाग. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात. दुसऱ्या बाजूने ‘होल’ येतात, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने पडलेल्या रिकाम्या जागा. त्याही एका रेणूवरून दुसऱ्यावर सरकत पुढे येतात. दोघं मधल्या थरात एखाद्या रेणूवर भेटले की तो रेणू उत्तेजित होतो, आणि शांत होताना प्रकाशाचा एक कण सोडतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दोन थरांची अशी फिल्म बनवून दाखवली. दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर ती हिरवी उजळली. शंभर इलेक्ट्रॉनमागे प्रकाशाचा जेमतेम एक कण बाहेर पडत होता, तरीही आजच्या ओलेड पडद्यांची सुरुवात तिथूनच धरतात.

शंभरात एकच का? पहिली गळती अगदी उगमापाशी आहे. इलेक्ट्रॉन आणि होल या दोघांनाही ‘स्पिन’ नावाचा एक गुणधर्म असतो. ते भेटतात तेव्हा स्पिनची जुळणी चार प्रकारे होऊ शकते. त्यातल्या एकाला सिंग्लेट म्हणतात आणि उरलेल्या तिघांना मिळून ट्रिप्लेट. साध्या कार्बनी रेणूत फक्त सिंग्लेटलाच चटकन प्रकाश देता येतो. ट्रिप्लेटला क्वांटमच्या नियमांनी तो रस्ता जवळजवळ बंद असतो. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर जोड्या जन्मतःच बाद. त्यांच्यातली ऊर्जा उष्णता होऊन विरते.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटाने यावर उपाय काढला. रेणूच्या मधोमध प्लॅटिनमचा अणू बसवला. इतक्या जड अणूच्या सान्निध्यात स्पिनचे नियम ढिले पडतात आणि ट्रिप्लेटलाही प्रकाश देता येतो. लवकरच प्लॅटिनमची जागा इरिडियम या तशाच जड धातूने घेतली. कागदावर तरी आतली कार्यक्षमता पंचवीस टक्क्यांवरून शंभराकडे गेली. पुढे २०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने जड धातू न वापरता हेच साधलं. त्यांनी रेणूच असे रचले की सिंग्लेट आणि ट्रिप्लेट यांच्या ऊर्जेतलं अंतर अगदी थोडं राहावं. मग खोलीच्या साध्या उबेवरसुद्धा ट्रिप्लेट वरची पायरी चढून सिंग्लेट होतो आणि प्रकाश देऊन मोकळा होतो.

लाल आणि हिरव्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला तो इथे. आजच्या ओलेड फोनमध्ये लाल आणि हिरवे ठिपके इरिडियमच्या रेणूंवर चालतात. निळे मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी जुन्याच पद्धतीचे आहेत, पाऊण ऊर्जा वाया घालवणारे. थोडी भर आहे, कारण दोन ट्रिप्लेट एकत्र येऊन कधीकधी एक सिंग्लेट बनतो. पण लाल-हिरव्याची बरोबरी त्याने होत नाही.

पंचवीस वर्षांहून जास्त काळ उपाय हाताशी असताना निळ्याला तो का लावला नाही? इथे स्थैर्याचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यांत पाहण्यासारखा भाग हाच आहे.

लाल प्रकाशाच्या एका कणात साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणु-रेणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) ऊर्जा असते, निळ्याच्या कणात सुमारे २.७. ज्या रेणूंतून हा प्रकाश निघतो, त्यांच्यातले अणूंना जोडणारे बंध साधारण तीन ते चार इलेक्ट्रॉन-व्होल्टला तुटतात. म्हणजे एकटा निळा उत्तेजित रेणू धोक्याच्या रेषेच्या अलीकडेच असतो, पण फार लांब नसतो. आता वेळ मोजू. साधा सिंग्लेट काही नॅनोसेकंदांत प्रकाश देऊन शांत होतो. इरिडियमच्या रेणूवरच्या ट्रिप्लेटला लागतात मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे हजारपट वेळ. तेवढा वेळ तो रेणू ऊर्जा पोटात घेऊन ताटकळत असतो. फिल्ममध्ये गर्दी दाट. तेवढ्यात शेजारचा दुसरा उत्तेजित रेणू त्याला गाठतो, किंवा वाटेने जाणारा इलेक्ट्रॉन. एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळते. दोघांची बेरीज पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाते आणि तेवढ्यात बंध सहज तुटतो.

तुटलेला तुकडा आता प्रकाश देत नाही. एवढ्यावर भागलं असतं तर एक रेणू गेला म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो तुकडा खड्ड्यासारखा वागतो. आजूबाजूच्या धडधाकट रेणूंवरची ऊर्जा त्याच्यात घरंगळते आणि उष्णता होऊन संपते. येणारे इलेक्ट्रॉनही त्यात अडकतात. मग ठरलेला उजेड देण्यासाठी प्रवाह वाढवावा लागतो. प्रवाह वाढला की गर्दी वाढते, गर्दी वाढली की टकरी वाढतात आणि आणखी रेणू तुटतात. माझ्या फोनवरचा तो पिवळसर चौकोन अशा तुकड्यांचा बनलाय.

हे एकदा लक्षात आलं की संशोधक काय काय करतात त्याचा अर्थ आपोआप लागतो. गर्दी पातळ करणं हा एक रस्ता. प्रकाश देणारे रेणू थरात सगळीकडे सारखे न मिसळता त्यांचं प्रमाण एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू बदलत नेलं की जोड्या एकाच चिंचोळ्या पट्टीत न भेटता थरभर पसरून भेटतात. मिशिगन विद्यापीठातल्या फॉरेस्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये निळ्या फिल्मचं आयुष्य असं कित्येक पटींनी वाढवून दाखवलं. दुसरा रस्ता ताटकळणं कमी करण्याचा. प्रकाश देणारा थर धातूच्या पातळ पत्र्याच्या अगदी जवळ, योग्य अंतरावर ठेवला की रेणू लवकर रिकामा होतो. तिसरा रस्ता बंधच पक्का करण्याचा. रेणूतल्या काही हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम बसवतात. ड्युटेरियमचा अणू बंधात कमी थरथरतो, त्यामुळे तो बंध तोडायला थोडी जास्त ऊर्जा लागते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २०२२ पासून ही युक्ती टीव्हीच्या ओलेड पॅनेलमध्ये आली आहे. आणि चौथा रस्ता प्रकाश देणाऱ्या थरांचे दोन मजले एकावर एक बांधण्याचा. तोच प्रवाह दोन्ही मजल्यांतून जातो आणि दोन्हीकडे उजेड देतो, म्हणून एकेका मजल्यावर निम्मंच ओझं येतं. याला टँडेम म्हणतात. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये हीच रचना आहे.

ओझं निम्मं झाल्याने आयुष्य फक्त दुप्पट होत नाही, हेही सांगायला हवं. उजेड निम्मा केला तर आयुष्य साधारण पावणेतीन ते चार पट वाढतं, कारण टकरी गर्दीच्या वर्गाच्या आसपास वाढतात. पडद्याचा उजेड जरा कमी ठेवा म्हणतात ते यासाठी, आणि तो सल्ला खरा आहे.

आता दुसरी गळती. आत उजेड तयार झाला म्हणजे तो बाहेर आलाच असं नाही. तलावात डुबकी मारून वर पाहिलं तर डोक्यावर आकाशाची एक गोल खिडकी दिसते, आणि तिच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. त्या गोलाबाहेर तिरप्या कोनात जाणारा प्रकाश पाण्यातून हवेत निघूच शकत नाही, परत खाली वळतो. फिल्ममध्ये हेच घडतं, आणि पाण्यापेक्षा जास्त, कारण या रेणूंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, पाण्याहून मोठा असतो. सपाट, साध्या रचनेत आत तयार झालेल्या उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर येतो. उरलेला थरांमध्येच इकडून तिकडे आपटत राहतो आणि शेवटी शोषला जातो.

उगमापाशी शंभर टक्के गाठायला इतकी माणसं राबली आणि उंबऱ्यावर ऐंशी टक्के गेले, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चांगलाच हळहळलो होतो. यावरचे उपाय मात्र सुंदर आहेत. रेणूंचा आकार असा घडवायचा की ते थरात उभे न राहता आडवे पडावेत. आडवा रेणू प्रकाश मुख्यतः समोर फेकतो, कडेला नाही. किंवा पिक्सेलवर सूक्ष्म भिंगांची जाळी चढवायची. २०२३ मध्ये आलेल्या काही ओलेड टीव्हीत अशी अब्जावधी भिंगं असतात आणि ती तिरप्या किरणांना बाहेरची वाट दाखवतात. यातून फक्त उजेड वाढतो असं नाही. तेवढाच उजेड कमी प्रवाहात मिळतो, म्हणून आतली गर्दी कमी होते आणि फिल्म जास्त टिकते. दार मोठं केलं की घराची पडझड कमी होते.

कार्बनी रेणूंच्या जोडीने आणखी एक घराणं गेल्या काही वर्षांत पडद्यांत शिरलंय, क्वांटम डॉटचं. हे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे दाणे. यांची गंमत अशी की रंग पदार्थावर कमी आणि आकारावर जास्त ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोन नॅनोमीटरच्या आसपासचा दाणा निळा उजळतो, सहाच्या आसपासचा लाल. अलेक्सेई एकिमोव्ह, लुई ब्रस आणि मौंगी बावेंडी यांना यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बावेंडी यांनी १९९३ मध्ये गरम द्रावणात एकसारख्या आकाराचे दाणे वाढवण्याची पद्धत दिली नसती, तर शुद्ध रंगाच्या या गोष्टी प्रयोगशाळेबाहेर आल्याच नसत्या.

इतक्या लहान दाण्याची अडचण त्याच्या लहानपणातच आहे. त्यातले बरेच अणू पृष्ठभागावरच असतात. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या अणूचे काही हात मोकळे लोंबत राहतात. हे मोकळे हात इलेक्ट्रॉनला पकडून ठेवतात आणि उजेड मारला जातो. नुसता, उघडा दाणा म्हणूनच मंद असतो. १९९६ मध्ये मार्गारेट हाइन्स आणि फिलिप ग्यो-सियोने यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या दाण्यावर झिंक सल्फाइडचं कवच चढवलं. कवचाने मोकळे हात बांधून टाकले आणि आत शोषलेल्या उजेडापैकी निम्मा परत बाहेर मिळू लागला. त्याच कवचामुळे हवेतला ऑक्सिजन गाभ्यापर्यंत पोचणंही अवघड झालं. उजेड वाढला आणि आयुष्यही वाढलं, एकाच कामाने.

कॅडमियम विषारी आहे. युरोपच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एकजिनसी भागात त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. म्हणून इंडियम फॉस्फाइड पुढे आलं. पण ते हट्टी. त्याच्या दाण्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चटकन धरतो, आणि गंजलेल्या पत्र्यावर रंग मारावा तसं वर चढवलेलं कवच नीट बसत नाही. सॅमसंगच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कवच चढवण्याआधी हायड्रोफ्लोरिक आम्लाने तो पापुद्रा काढून टाकला. मग झिंक सेलेनाइडचं जाड, सर्व बाजूंनी सारखं कवच आणि त्यावर झिंक सल्फाइड. अशा लाल दाण्यांच्या एलईडीतून बाहेर येणारी कार्यक्षमता २१.४ टक्के निघाली. उंबऱ्यावरची गळती धरली, तर आत वाया जाणारं जवळजवळ काही उरलंच नव्हतं.

जाड कवचाचं आणखी एक काम आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. विजेवर चालणाऱ्या फिल्ममध्ये इलेक्ट्रॉन भराभर येतात, होल रेंगाळत येतात. त्यामुळे दाण्यात एखादा जास्तीचा इलेक्ट्रॉन बसून राहतो. मग पुढची जोडी जमली की तिची ऊर्जा प्रकाशात न जाता त्या तिसऱ्याला मिळते आणि तो ती उष्णतेत उधळतो. याला ऑजर क्रिया म्हणतात. जाड, हळूहळू बदलत जाणारं कवच ही देवाणघेवाण मंद करतं. इकडे दाण्याच्या बाहेर चिकटलेले लांब शेपट्यांचे रेणू असतात, त्यांना लिगँड म्हणतात. ते दाण्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात, पण वीज वाहू देत नाहीत. शेपट्या आखूड केल्या तर वीज वाहते, मात्र दाणे उघडे पडतात. या ओढाताणीत वर्षानुवर्षं गेली आहेत, आणि अजून कोणी दोन्ही बाजू पूर्णपणे साधलेल्या नाहीत.

म्हणूनच आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक क्वांटम डॉट टीव्हीत दाण्यांना वीज दिलीच जात नाही. मागून निळा उजेड येतो, फिल्ममधले दाणे त्यातला काही शोषून हिरवा आणि लाल करून परत देतात. कष्ट कमी, म्हणून टिकतातही.

आता पेरोव्स्काइट. एके काळी मी एका प्रयोगशाळेत या फिल्म बनवायला शिकलो. काचेच्या बोटभर तुकड्यावर द्रावणाचे थेंब टाकायचे, तुकडा मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवायचा आणि मग गरम पृष्ठभागावर ठेवायचा. साध्या उजेडात ती सीझियम लेड ब्रोमाइडची फिल्म नुसती पिवळट दिसते. अतिनील दिव्याखाली धरली की असा हिरवा फुटतो की खोलीतली माणसं वळून पाहतात. पहिली नीट फिल्म जमली त्या दिवशी मी तिच्या कडेला पाण्याचा एक थेंब ठेवला. दिव्याखाली थेंबाची जागा आधी फिकटली, मग काळी पडली, आणि काळ्या वर्तुळाची कड माझ्या डोळ्यांदेखत आत सरकत गेली.

पेरोव्स्काइट हे नाव मुळात उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटॅनेटच्या खनिजाचं. गुस्ताव रोझे यांनी १८३९ मध्ये रशियन खनिजतज्ज्ञ लेव्ह पेरोव्स्की यांच्या नावावरून ते ठेवलं. आज तशीच स्फटिकरचना असलेल्या पदार्थांच्या मोठ्या कुटुंबाला हे नाव आहे. पडद्यांसाठी त्यातले शिसं आणि हॅलोजन असलेले पदार्थ कामाचे. ब्रोमीन घातलं की हिरवा, आयोडीन वाढवलं की लाल, क्लोरीन वाढवलं की निळा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात माक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने २०१५ मध्ये याचे नॅनोकण बनवले, तेव्हा फारसे लाड न करता, कवचसुद्धा न चढवता, ते ९० टक्क्यांपर्यंत उजेड परत देत होते. कारण या स्फटिकात अणू हरवून पडलेल्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉनला सहसा खोल अडकवत नाहीत. २०१८ पर्यंत विजेवर चालणाऱ्या पेरोव्स्काइट एलईडीने बाहेरच्या कार्यक्षमतेत २० टक्के ओलांडले.

कार्यक्षम तर झाले, टिकले मात्र नाहीत. इथे माझं ‘प्रश्न एकच आहे’ हे म्हणणं तोकडं पडतं, ते मान्य करायला हवं. पेरोव्स्काइटचा स्फटिक मुळातच सैल बांधणीचा आहे, मिठाच्या जातीचा. पाण्यात विरघळतो. विजेच्या दाबाखाली त्यातले आयन, म्हणजे भार असलेले अणू, जागा सोडून सरकू लागतात. निळ्यासाठी क्लोरीन आणि ब्रोमीन मिसळावे, तर प्रवाह चालू असताना ते वेगवेगळे होतात आणि निळ्याचा रंग हिरव्याकडे ढळतो. लाल उजळणारी सीझियम लेड आयोडाइडची रचना खोलीच्या तापमानाला आपोआप बदलून पिवळी आणि निष्प्रभ होते. ऊर्जा अडकली म्हणून घडणाऱ्या या गोष्टी नव्हेत.

पण आयन सरकतात ते कुठून, हे विचारलं की धागा पुन्हा हाती लागतो. ते सरकतात त्याच रिकाम्या जागांतून. एक जागा रिकामी, शेजारचा आयन तिथे उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, मग पुढचा. या जागा उजेडाला फारशा नडत नसल्या तरी स्फटिकाला पोखरतात. म्हणून आज बहुतेक मेहनत पृष्ठभागावर आणि कणांच्या सीमांवर चालते. एका हाताने धन आणि दुसऱ्या हाताने ऋण भार धरणारे लिगँड वापरतात, कारण जुने ओलिक आम्लासारखे लिगँड सुटतात, पुन्हा लागतात, पुन्हा सुटतात. नवे दोन्ही हातांनी धरून ठेवतात. रिकाम्या जागा बुजल्या की उजेडातली उरलीसुरली गळती थांबते, आणि आयनांची वाटही बंद होते. तरीही शिशाचा प्रश्न राहतोच, आणि टीव्हीच्या पडद्याला लागणाऱ्या आयुष्यापासून हे अजून लांब आहेत. रंग बदलणाऱ्या फिल्ममध्ये, वीज न देता, ते आधी येतील असं मला वाटतं.

पाण्यापासून बचाव हा तर सगळ्याच घराण्यांचा प्रश्न. ओलेडच्या मागचा धातूचा थर दमट हवेत काळे डाग धरतो आणि ते डाग वाढत जातात. त्यासाठी लागणाऱ्या झाकणाची अट थक्क करणारी आहे: दर चौरस मीटरमागे दिवसाला एक ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकंच पाणी आत यावं. फुटबॉलच्या मैदानाएवढी फिल्म पसरली तर महिनाभरात चार-पाच थेंब. साधं प्लास्टिक दिवसाला प्रत्येक चौरस मीटरमागे काही ग्रॅम पाणी आत सोडतं. जाड काच हे काम सहज करते, पण ती वाकत नाही. म्हणून घडी होणाऱ्या पडद्यात कडक ऑक्साइड किंवा नायट्राइडचा थर, त्यावर मऊ पॉलिमरचा, पुन्हा कडक, असं चढवत नेतात. कडक थरात सूक्ष्म भोकं राहतातच. मधल्या मऊ थरामुळे खालची आणि वरची भोकं एका रेषेत येत नाहीत, आणि पाण्याच्या रेणूला इतका वळसा घालावा लागतो की पडद्याचं आयुष्य तेवढ्यात सरतं. क्वांटम डॉटच्या फिल्मला दोन्ही तोंडांवर असं आवरण असतं, पण कापलेली कड उघडी राहते. तिथून हवा शिरून कडेचा बारीक पट्टा निकामी होतो. तो पट्टा पडद्याच्या चौकटीखाली झाकला जावा, अशी सोय धरूनच कापतात.

आयुष्याचे आकडे वाचताना मात्र थोडं थांबावं. वर सांगितलेल्या २०१९ च्या लाल क्वांटम डॉटचं आयुष्य दहा लाख तास नोंदवलं गेलं. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. तेवढं थांबून कोणी मोजलेलं नाही, आणि कोणी तसा दावाही केला नव्हता. रीत अशी असते की फिल्म खूप प्रखर चालवायची, किती लवकर मंदावते ते पाहायचं, आणि तिथून कमी उजेडावरचं आयुष्य गणिताने काढायचं. तो आकडा १०० निट (निट हे पडद्याच्या प्रखरतेचं माप) उजेडासाठी आणि उजेड निम्मा होईपर्यंतचा होता. प्रखर दृश्यांत टीव्ही १००० निटच्या आसपास जातो. उजेड दहापट, तर ढोबळ हिशेबाने आयुष्य शंभरपट कमी, म्हणजे दहा हजार तासांच्या घरात. शिवाय उजेड निम्मा होईपर्यंत कोणी पडदा वापरत नाही. शेजारशेजारच्या दोन भागांत काही टक्क्यांचा फरक पडला तरी डोळ्याला तो खुपतो, माझ्या फोनवरचा चौकोन त्याचाच पुरावा आहे. म्हणून पडदा बनवणारे उजेड ९५ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ विचारतात. संशोधनाची कमाई यामुळे जराही कमी होत नाही. फक्त किती उजेडावर आणि किती मंद होईपर्यंत, हे दोन आकडे सोबत नसतील तर आयुष्याचा तिसरा आकडा काहीच सांगत नाही.

निळ्याकडे परत येतो. इरिडियमचा निळा कार्यक्षम आहे पण लवकर तुटतो, जुना निळा उधळा आहे पण टिकतो. २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने दोन मजल्यांचं एक पॅनेल जाहीर केलं. त्याच्या खालच्या मजल्यावर जुन्या पद्धतीचा निळा आहे, वरच्या मजल्यावर ट्रिप्लेटचा निळा. कंपनीच्या म्हणण्यानुसार टिकाऊपणा पहिल्याइतकाच राहून वीज सुमारे १५ टक्के कमी लागते. वरच्या मजल्यावर निम्मंच ओझं असल्याने तिथे ताटकळणाऱ्या रेणूला शेजारी गाठण्याआधी प्रकाश देऊन मोकळं व्हायला जरा जास्त सवड मिळते.